खारपाणपट्ट्यांतील भाजीपाला

विहीर आहे म्हणून भाजीपाला लावावा, हा न्याय सर्वत्र चालत नाहीं. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यांत विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं खारें आहे. त्यांतील सोडियमनें काळ्या मातीचे कण फुगून सुटे होतात, निचरा बुजतो आणि वाळलेलें ढेकूळ दगडासारखें होतें. एका उन्हाळ्याच्या वांग्यांसाठीं वडिलार्जित जमीन कोण घालवील? बिघडलेल्या जमिनीस जिप्सम देतात. परंतु क्षार धुवून नेण्यास गोडें पाणी व निचरा नसेल, तर तो खर्च वायां जातो.

म्हणून या भागांतील जाणता शेतकरी पावसाच्या पाण्यावरच भाजी घेतो. वांगीं-मिरची लावणें असेल, तर आधीं शेततळें. कपाशीच्या तासांमध्यें अंबाडी व बरबटी. अंबाडीचा कोवळा पाला भाजीस व जून झाडाचा वाख दोरास, असा तिचा दुहेरी उपयोग घरोघरीं ठाऊक आहे. रब्बींत ओलीवर हरभरा. त्याचे शेंडे खुडल्यानें भाजी तर मिळतेच, शिवाय फांद्या अधिक फुटतात. मात्र ही खुडणी फुलापूर्वीं आटोपावी. फूल लागल्यावर खुडल्यास घाटेच घटतात.