प्रवासाचा संधिखर्च

पंचविशीनंतर नोकरी सोडून सहा महिने देश पाहावा काय? आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा आकडेमोडीचा प्रश्न वाटतो. समजा, प्रवासाला ६०,००० रुपये लागतात आणि पगार दरमहा २०,००० आहे. मग खरा खर्च १,८०,००० रुपये. बुडालेला पगार हाच अर्थशास्त्रातील संधिखर्च होय. (घरी राहिल्यावर जेवणखाण होणारच होते, तेवढे त्यातून वजा करावे. ते बहुतेक जण विसरतात.)

पण हा खर्च नावे कोणाच्या टाकायचा? धर्मानंद कोसंबी १८९९ साली, तेवीस वर्षांचे असताना, ज्ञानासाठी गोव्यातून निघाले. पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचले. त्यांच्या पाली विद्वत्तेचा लाभ आपल्याला मिळाला. मात्र पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी मागे राहिल्या होत्या. त्यांची ती वर्षे कोणत्या वहीत मांडावीत?

पंचविशीनंतर पैसा स्वतःचा असतो, हे खरे. पण तोवर वडील निवृत्तीला येतात, धाकट्यांची फी भरायची असते. म्हणून मी तरी म्हणेन, पदवी हाती पडताच, दोनच महिने का होईना, निघावे. अर्थात, हे मुलगा म्हणून लिहितो आहे. वर्गभगिनींना घरून तेवढी तरी परवानगी मिळेल काय, हे त्यांनीच पुढील अंकात लिहावे.