भूगर्भाचे दूत

आकाशातील तारे आपल्यापासून अब्जावधी मैल दूर आहेत. तरीही त्यांचा प्रकाश पृथ्वीवर येतो आणि दुर्बिणीच्या साहाय्याने मनुष्य त्यांचा अभ्यास करतो. परंतु ज्या भूमीवर तो जन्मला, जिच्यात तो नांगर चालवतो आणि जिच्यावर घर बांधतो, तिचे अंतरंग मात्र त्याच्या दृष्टीआडच राहिले आहे. भूपृष्ठापासून पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६३७१ किलोमीटर आहे. रशियातील कोला द्वीपकल्पात १९७० साली एक खोल छिद्र पाडण्यास आरंभ झाला. १९८९ साली त्याची खोली १२,२६२ मीटर झाली. पण तेवढ्या खोलीवरच खडक इतके तापलेले आढळले की पुढे जाणे अशक्य झाले. एवढ्या परिश्रमांनी मनुष्य पोहोचला तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या जेमतेम पाचशेव्या हिश्श्यापर्यंत! आंब्याची साल टोचावी, पण गरापर्यंतही पोहोचू नये, तसाच हा प्रकार झाला.

मग खालची वार्ता कळावी कशी? भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करतात, आणि त्यांच्या गतीवरून आतील थरांची जाडी व घनता यांचा अंदाज बांधता येतो. दुसरे दूत म्हणजे ज्वालामुखींतून आणि उष्ण झऱ्यांतून बाहेर पडणारे वायू. खोलवर प्रचंड दाबाखाली हे वायू वितळलेल्या खडकात विरघळून राहिलेले असतात. तो रस वर येऊ लागला की दाब कमी होतो. सोडावॉटरची बाटली उघडताच जसे बुडबुडे उसळतात, तसेच हे वायू त्या रसातून मोकळे होतात आणि वाट मिळेल तेथून बाहेर पडतात.

या वायूंत वाफेचे प्रमाण बहुधा सर्वांत अधिक असते. त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू असतात. परंतु वाफ दिसली म्हणजे ती पाताळातूनच आली असे म्हणता येत नाही; जमिनीत मुरलेले पावसाचे पाणीही तापून वर येते. कार्बन डायऑक्साइड चुनखडीपासूनही निर्माण होतो. म्हणून शास्त्रज्ञांना असा साक्षीदार हवा होता, की जो वाटेत कोणाशी संयोग पावत नाही आणि आपले मूळ विसरत नाही. हेलियम हा वायू तसा आहे.

या वायूच्या शोधाची कथा मनोरंजक आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहण्यासाठी जान्सेन हे फ्रेंच ज्योतिर्विद आंध्रातील गुंटूर येथे आले होते. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा आढळली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी तिचा अभ्यास केला, आणि ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नाही असे ठरवले. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्या नव्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पुढे १८९५ साली रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू पृथ्वीवर वेगळा केला.

हेलियमचे अणू दोन प्रकारचे असतात. जड अणूचा भार ४ आणि हलक्याचा ३. युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून जड हेलियम खडकांत सतत निर्माण होत असते. हलके हेलियम मात्र खडकांत जवळजवळ तयारच होत नाही. पृथ्वीच्या पोटातील त्याचा साठा मुख्यतः सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तिच्या जन्मकाळचा आहे. हवेत सुमारे सात लक्ष जड अणूंमागे एक हलका अणू आढळतो. १९६९ साली पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यात आणि कुरील बेटांवरील ज्वालामुखीच्या वायूंत हलक्या हेलियमचे प्रमाण याहून अधिक असल्याचे आढळले. पृथ्वीच्या जन्माच्या वेळी कोंडलेला वायू अजूनही बाहेर पडत आहे, याचा हा पुरावा होता.

पुढे असे दिसून आले की महासागरांच्या तळाशी असलेल्या पर्वतरांगांवरील लाव्हारसात हे प्रमाण हवेच्या सुमारे आठपट असते, तर हवाई आणि आइसलंड येथे काही ठिकाणी ते तीसपटीहूनही अधिक भरते. यावरून पृथ्वीच्या पोटात फार खोलवर आदिकालीन द्रव्याचे साठे टिकून असावेत, असे अनुमान निघते. हे साठे नेमके कोठे आहेत, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. काहींच्या मते त्यांचा काही भाग पृथ्वीच्या गाभ्यातही असेल.

हे वायू गोळा करावयाचे कसे? ज्वालामुखीच्या भेगेत उष्णता सहन करणारी नळी खुपसतात आणि तिला हवा काढून घेतलेली काचेची बाटली जोडतात. बाटलीत दाहक सोड्याचा द्राव असतो. कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू त्यात शोषले जातात, वाफेचे पाणी होते, आणि हेलियमसारखे थोडे वायू वरच्या रिकाम्या जागेत साठतात.

वर्णन सोपे असले तरी काम जोखमीचे आहे. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातील गालेरास ज्वालामुखीच्या मुखाशी शास्त्रज्ञांचे एक पथक काम करीत होते. अकस्मात स्फोट झाला आणि सहा शास्त्रज्ञ व तीन पर्यटक प्राणांस मुकले. त्यांत मुखात उतरून वायूंचे नमुने घेणारे रशियन शास्त्रज्ञ इगोर मेन्यायलोव्ह हेही होते.

एवढा धोका पत्करण्याचे कारण केवळ जिज्ञासा नव्हे. फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीतून १३ मे १९९१ रोजी दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता. २८ मे रोजी ते प्रमाण ५,००० टनांवर गेले, आणि नंतर एकाएकी घटले. संकट टळले, असे एखाद्यास वाटले असते. परंतु वायूची वाट बुजून आत दाब वाढत असावा, अशी शंका शास्त्रज्ञांना आली. भूकंपांच्या नोंदीही इशारा देत होत्या. हजारो लोकांना दूर हलवण्यात आले. १५ जून रोजी पर्वताचा माथा उडाला. ओल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो माणसे दगावली. तथापि वेळीच इशारा मिळाल्याने हजारोंचे प्राण वाचले.

बाटलीभर वायू हातात घेतला तर तो दिसतही नाही. पण पृथ्वीच्या बाल्याची कथा आणि उद्याच्या संकटाची सूचना त्यात दडलेली असते. ती वाचण्यासाठी निरीक्षण, चिकाटी आणि धैर्य या तिन्ही गुणांची आवश्यकता असते.

स्वाध्याय

१. पृथ्वीच्या अंतरंगाची माहिती देणारे दोन दूत कोणते?
२. वाफेपेक्षा हेलियमची साक्ष अधिक विश्वसनीय का मानली जाते?
३. पिनाटुबोतील वायूचे प्रमाण घटल्यावर शास्त्रज्ञांना चिंता का वाटली?
४. ‘ज्ञानासाठी पत्करलेला धोका’ या विषयावर दहा ओळी लिहा.