तीन पर्णिकांची अनोळखी वेल : ओळख आणि खबरदारी

सुगीच्या आणि बांधसफाईच्या दिवसांत मजुरांच्या अंगाला खाज सुटल्याच्या, पुरळ उठल्याच्या तक्रारी विस्तार कार्यकर्त्यांकडे येतात. कुंपणावर तीन पर्णिकांची एखादी वेल दिसते. मोबाइलवरील छायाचित्राशी ती जुळते आणि तिला ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव मिळते. नाव चुकले की प्रथमोपचारही चुकतो. म्हणून अशा वेलीची ओळख पद्धतशीरपणे पटवणे आवश्यक आहे.

पॉयझन आयव्ही म्हणजे काय?

टॉक्सिकोडेंड्रॉन रॅडिकन्स ही प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील वनस्पती आहे. भारतातील शेतशिवारात ती उगवत नाही. तिचे कूळ मात्र आपल्या परिचयाचे आहे. आंबा, काजू आणि बिब्बा हे तिचेच कुलबंधू होत. तिच्या चिकातील उरुशिऑल या तेलकट द्रव्यामुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते. काजूच्या टरफलातील तेल, बिब्ब्याचे तेल आणि आंब्याचा चीक यांतही त्याच्याशी साम्य असलेली द्रव्ये असतात. त्यामुळे वेल परदेशी असली, तरी तिच्यासारखा त्रास आपल्याकडेही होतो.

केवळ तीन पर्णिका पुरेशा नाहीत

पळसाला पाने तीनच. पण तीन पाने असलेला प्रत्येक पळस नसतो. पळसवेल, रानघेवडा, खाजकुइली अशा शेंगावर्गीय वेलींनाही तीनच पर्णिका असतात. निरीक्षण पुढील क्रमाने करावे.

१. वेल चढते कशी? शेंगावर्गीय वेली आधाराला पीळ घालून चढतात. पॉयझन आयव्ही खोडावरील केसाळ मुळांनी झाडाला चिकटते.

२. देठाचे बूड कसे आहे? शेंगावर्गीय वेलींत पानाच्या देठाच्या बुडाशी फुगीर सांधा दिसतो.

३. फूल व फळ कोणते? पॉयझन आयव्हीला पांढुरकी, मण्यांएवढी फळे येतात. शेंग दिसल्यास ती पॉयझन आयव्ही नव्हे.

खाजकुइली आणि खाजकोलती

आपल्या शिवारात तीन पर्णिकांच्या वेलीमुळे खाज सुटली, तर पहिला संशय खाजकुइलीवर घ्यावा. तिची जांभळी फुले लोंबत्या घोसांत येतात. शेंग इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली असून तिच्यावर सोनेरी-तपकिरी कुसे दाट असतात. कुसांतील म्युक्युनेन या विकरामुळे तत्काळ तीव्र खाज सुटते. शेंगा वाळल्यावर ही कुसे वाऱ्यानेही उडतात. खाजकोलती हीदेखील वेलच आहे. परंतु तिची पाने साधी, दातेरी कडांची असून अंगावरील दाहक केसांमुळे स्पर्श होताच आग होते.

त्रास केव्हा सुरू झाला?

निदानासाठी हा प्रश्न सर्वांत उपयुक्त आहे. स्पर्श होताच खाज सुटल्यास कुसे किंवा केसाळ अळीचे केस हे कारण संभवते. एक-दोन दिवसांनी लालसर पट्टे आणि फोड उठल्यास बिब्बा कुलातील चिकाचा विचार करावा. मात्र पेडेरस या नारिंगी-काळ्या लहान भुंगेऱ्यामुळेही २४ ते ४८ तासांनी असेच पट्टे उमटतात. तो चावत नाही. अंगावर चिरडला गेल्यास त्याच्या शरीरातील पेडेरिन त्वचेला भाजते. हा भुंगेरा रात्री दिव्याकडे येतो. त्यामुळे आदल्या रात्री रुग्ण दिव्याखाली बसला किंवा झोपला होता का, हे अवश्य विचारावे. अन्यथा दोष निष्कारण वेलीवर जातो. भातशेतीत हाच भुंगेरा तुडतुडे खाणारा मित्रकीटक आहे. म्हणून त्याच्यावर सरसकट फवारणी करू नये.

प्रथमोपचार

• कुसे लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ती उचलावीत आणि नंतर ती जागा पाण्याने धुवावी.

• चीक लागल्यास किंवा भुंगेरा चिरडल्यास ती जागा लगेच साबण व गार पाण्याने धुवावी. फोडांतील पाण्यामुळे पुरळ पसरत नाही. चीक लागलेले कपडे, विळे व खुरपी मात्र धुवावीत.

• डोळे व चेहरा सुजल्यास किंवा श्वासास त्रास झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

वेलीचे व्यवस्थापन

खाजकुइली फुलोऱ्यापूर्वीच मुळासकट उपटावी. शेंगा वाळल्यानंतर काढावी लागल्यास वारा नसताना, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे व चष्मा घालून काढावी. अनोळखी वेल जाळू नये. बिब्बा कुलातील वनस्पतींचा धूर डोळ्यांना व फुप्फुसांना अपायकारक ठरतो.

ओळख पटत नसल्यास वेलीला हात न लावता चार छायाचित्रे घ्यावीत : आधारासह संपूर्ण वेल, खोडाला जोडलेले पूर्ण पान, खोडाचा जवळून घेतलेला भाग आणि फूल किंवा फळ. सोबत त्रास सुरू झाल्याची वेळ नोंदवून ही माहिती जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावी. केवळ पानाच्या छायाचित्रावरून उपाय सुचवू नये.