शिवेवरची मासळी: नव्या तांडेलांना कानमंत्र

पोरांनो, आपल्या रत्नागिरीच्या आरे-वाऱ्याच्या घाटातून दर्या एकसारखा निळा दिसतो, पण तो तसा नसतो. गार आणि कोमट, खारट आणि कमी खारट, गढूळ आणि नितळ अशी पाणी भिडतात तिथे शीव पडते. तिथे चारा साठतो, म्हणून मासळीही तिथेच जमते. ही शीव ऋतूप्रमाणे सरकते. गेल्या महिन्याची जागा पाठ करण्यापेक्षा पाणी ओळखायला शिका.

१. रेघ बघा. फेस आणि काटक्यांची लांब ओळ, एका अंगाला हिरवं नि दुसऱ्याला निळं पाणी, वर पाखरांची गर्दी, ही शिवेची खूण. दोन्हीकडच्या पाण्यात अर्ध्या-एका अंशाचाच फरक असला तर तो हाताला लागत नाही, मासळीला लागतो.

२. नारळी पौर्णिमेनंतर प्रवाह दक्षिणेकडे असतो आणि खोलातलं गार पाणी वर चढतं. केरळ-कर्नाटकात हे जोरात होतं, आपल्याकडे बेतानं. चारा वाढतो, तारली-बांगडा मिळतो. पण त्या गार पाण्यात प्राणवायू कमी असतो. तळाचं जाळं रिकामं आलं, तर तिथेच पुन्हा टाकू नका, उथळाकडे वळा.

३. थंडीत प्रवाह उलटतो, उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातलं कमी खारट पाणी घेऊन येतो. त्याच दिवसांत कोरड्या गार वाऱ्यानं गुजरातसमोरचं पाणी निवतं आणि ढवळलं जातं. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडच्या शिवा ठळक होतात.

४. चैत्र-वैशाखात पाणी वरून सगळीकडे सारखंच तापतं. शिवा पुसट होतात. अंदाजानं डिझेल जाळत हिंडू नका.

५. दुसऱ्या बंदराचा हिशेब इथे लावू नका. भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद, कोचीसमोर ६० च्या आसपास, आपण मधले. साधारण १०० ते २०० मीटर खोलीवर त्याची कड येते आणि पुढे तळ एकदम उतरतो. कडेवरची शीव आपल्याला लांब पडते. लहान होडीनं तिच्यामागे लागू नये. पावसाळ्याच्या शेवटी खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्याची शीव असते, ती आधी पाहा.

६. हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा मासेमारी सल्ला रोज बघा. उपग्रहानं टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून तो निघतो. बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली मराठीतही मिळते. तो एक-दोन दिवसांपुरताच धरा. आभाळ भरलं की उपग्रहाला तापमान दिसत नाही, तेव्हा डोळ्यांवर भिस्त ठेवा. निघण्याआधी लाटांचा आणि वाऱ्याचा इशारा वाचल्याशिवाय दोर सोडू नका.

७. १ जून ते ३१ जुलै बंदी पाळा. याच काळात बरीच मासळी अंडी घालते. शिवेवर मासळी एका जागी गोळा होते, म्हणून ती तिथेच सर्वांत लवकर संपवताही येते. बारीक पिल्लं दिसली की जाळं आवरा, आणि आपल्या पोरांनाही हेच शिकवा.