वाऱ्यावरच उडणारं विमान वाऱ्याला का बिचकतं?

प्रश्न : गेल्या वैशाखात आम्ही दोघं नागपूरला लेकीकडे गेलो होतो. परतीचं विमान पुण्यावर आलं, खालचे दिवे दिसायला लागले, चाकं बाहेर आल्याचा आवाजही झाला आणि एकदम तोंड वर करून विमान पुन्हा ढगात शिरलं. बराच वेळ घिरट्या घातल्या आणि शेवटी आम्हाला हैदराबादला नेऊन उतरवलं. कारण विचारलं तर 'वारा' एवढंच उत्तर. घरी फोन केला तर पोरगा म्हणाला, पुण्यात पावसाचा थेंबही नाही. जे वाहन वाऱ्यावरच चालतं आणि तासाला आठशे किलोमीटर जातं, ते वळवाच्या वाऱ्याला एवढं का बिचकतं? अशा वाऱ्यात आमच्या गावची एसटीसुद्धा येते.
— एक वाचक, नरसिंहपूर (ता. इंदापूर)

उत्तर : तुम्ही नरसिंहपूरचे, तेव्हा अर्धं उत्तर तुमच्या घाटाच्या पायऱ्यांवरच आहे. नीरा आणि भीमा पाण्याने भरलेल्या असताना संगमाकडे जरा नीट बघा. एकट्या भीमेच्या धारेत होडी सोडली, तर धार कितीही जोराची असो, होडी तिच्याबरोबर निमूट वाहत जाते. आत बसलेल्याच्या पोटातलं पाणीही हलत नाही. पण जिथे दोन नद्यांचं पाणी एकमेकांना भिडतं, तिथे दोन हातांच्या अंतरात धारेची दिशा बदलते, भोवरे होतात, आणि मुरलेला नावाडीही तिथे वल्हं घट्ट धरतो.

विमानाचं नेमकं तसंच आहे. वारा जोराचा आहे एवढ्याने त्याला काही होत नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे तासाला शे-दीडशे किलोमीटर आणि कधी त्याहून जास्त वेगाचे वारे वाहतात. विमानं त्यांतून रोज जातात, आणि वारा पाठीशी असेल तर इंधन वाचलं म्हणून वैमानिक खूशच असतो. धोका असतो तो बदलणाऱ्या वाऱ्याचा. काही सेकंदांत वाऱ्याचा वेग किंवा दिशा पालटली, तर पंखांवरून जाणारी हवा अचानक कमी होते आणि पंखांची उचलही तिच्याबरोबर जाते. उंचावर हे झालं तर सावरायला खाली हजारो फूट मोकळे असतात. धावपट्टीपासून तीनशे फुटांवर झालं, तर नसतात. विमानाला वाऱ्याचं खरं भय आहे ते जमिनीजवळ. तुमचं विमान उंचावर शांत होतं आणि उतरायच्या वेळीच अवघडलं, त्याचं कारण हेच.

विमान उडतं आणि उतरतं तेही वाऱ्याकडे तोंड करून. बारामतीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं चालतात, ती कधी बघितली असतील. सेसना १५२ या दोन आसनी विमानाला जमीन सोडायला हवेचा वेग साधारण ५० नॉट, म्हणजे तासाला ९३ किलोमीटर लागतो. समोरून १५ नॉट वारा आला, तर चाकांनी फक्त ३५ नॉट गाठले तरी काम भागतं, बाकीचं वारा पुरवतो. म्हणून धावपट्टी आखतानाच तिथला नेहमीचा वारा बघतात. बारामतीची धावपट्टी ११/२९ अशी ओळखली जाते. याचा अर्थ एका बाजूने तिचं तोंड होकायंत्रावर ११० अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या बाजूने २९० अंशांच्या आसपास. २९० अंश म्हणजे पश्चिमेला थोडं उत्तरेकडे झुकलेलं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा कुठून येतो ते इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुण्याची धावपट्टी १०/२८, मुंबईची मोठी ०९/२७. सगळ्या त्याच सुमाराच्या.

वारा आडवा आला की गोष्ट वेगळी. भरल्या नदीत पैलतीरावरचा घाट गाठायचा, तर नावाडी नाव सरळ घाटाकडे धरत नाही, धारेच्या वरच्या अंगाला तिरकी धरतो. वैमानिकही आडव्या वाऱ्यात विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरका उतरतो आणि चाकं टेकायच्या क्षणी नाक सरळ करतो. खिडकीतून धावपट्टी दिसायला लागली तर घाबरू नका, तो कसबाचा भाग आहे. पण कसबालाही हद्द असते. सेसना १५२ बनवणाऱ्यांनी १२ नॉट आडव्या वाऱ्यात, म्हणजे तासाला २२ किलोमीटरमध्ये, उतरून दाखवलं आहे. आपण ज्यातून प्रवास करतो त्या एअरबस ए-३२० साठी हा आकडा झोतांसकट ३८ नॉट, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर आहे. बारामतीत शिकवणीची विमानं जमिनीवर बसून राहतात त्या दुपारी पुण्यात मोठी विमानं बिनघोर उतरत असतात, ते यामुळे.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ. पाऊस नव्हता. तुम्हाला ती वैमानिकाविरुद्धची साक्ष वाटते, मला ती त्याच्या बाजूची वाटते.

वळीव कसा येतो आठवा. दुपारभर अंगाची काहिली. चारच्या सुमाराला एका बाजूला ढग चढतो, खालून काळा, वरून फुलकोबीसारखा. मग वारा पडतो, पानही हलत नाही. आणि एकाएकी त्या ढगाकडूनच गारगार वारा सुटतो, धुळीचा लोट उठतो, अंगणातली दोरीवरची कापडं उडतात, केळीची पानं फाटून झिरमिळ्या होतात. थेंब पडतो तो नंतर, आणि कधी कधी पडतच नाही.

तो गार वारा येतो कुठून? ढगातून पाऊस सुटतो, पण मे महिन्यात ढगाखालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाळतात. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. माठातलं पाणी याच न्यायाने गार होतं. तशीच ती हवा गार होते, गार झाली की जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते. अंगणात बादली ओतल्यावर पाणी जसं पसरतं, तसं. म्हणजे जमिनीवर पाऊस शून्य आणि वारा प्रचंड, असं होऊ शकतं. आपल्या कमी पावसाच्या पट्ट्यात तर ते नवलाचं नाही.

या कोसळणाऱ्या हवेचा छोटा आणि जोरदार प्रकार म्हणजे मायक्रोबर्स्ट. पसारा चार किलोमीटरच्या आत, आयुष्य काही मिनिटांचं. पण उतरणारं विमान त्यात सापडलं तर काय होतं ते बघा. आधी समोरून वारा वाढतो, विमान उचललं जातं, वेग वाढल्यासारखा दिसतो. बेसावध वैमानिक जोर कमी करतो. पुढच्या क्षणी हवा वरून खाली दाबते. आणि मधला भाग ओलांडला की तोच वारा पाठीमागून येतो, पंखांवरचा वेग झपाट्याने घटतो, जमीन तर समोरच आलेली असते. २ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेत डॅलसच्या विमानतळावर उतरणारं डेल्टा १९१ हे विमान असंच गेलं आणि १३७ माणसं दगावली. या वाऱ्याचा उलगडा त्याच्या दहा वर्षं आधीपासून तेत्सुया फुजिता हे जपानी वंशाचे शास्त्रज्ञ करत होते. अशी हवा असू शकते हे मानायलाही तेव्हा अनेक जण तयार नव्हते. डॅलसनंतर ती शंका संपली. आता विमानाच्या नाकातलं रडार पुढच्या काही किलोमीटरमधली अशी हवा ओळखतं आणि कॉकपिटमध्ये 'विंडशिअर' असा, म्हणजे वारा एकाएकी पालटण्याचा इशारा देणारा, आवाज येतो. तो आला की वैमानिक वाद घालत नाही. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा आणि वर जायचं.

तुमच्या विमानात तो आवाज आला, की खालून वाऱ्याचे आकडे कळले, की पुढच्या विमानाने इशारा दिला, ते इथे बसून मी सांगू शकत नाही. पण तोंड वर करून निघून जाणं म्हणजे फसलेलं उतरणं नव्हे. त्याला गो-अराउंड म्हणतात आणि त्याचा सराव प्रत्येक वैमानिकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतात. वळीव अर्ध्या-पाऊण तासात सरतो, म्हणून आधी घिरट्या. नाही सरला, तर दुसरा विमानतळ. तिथवर पोचण्याचं आणि वर आणखी अर्धा तास उडण्याचं इंधन निघतानाच घेतलेलं असतं. हैदराबादची सोय नागपुरात तुम्ही पायऱ्या चढण्याआधीच झालेली होती. ही गोष्ट प्रवाशांना दोन वाक्यांत सांगायला काय हरकत आहे, असं मलाही मनापासून वाटतं. 'वारा' एवढ्या एका शब्दाने माणूस घाबरतो तरी किंवा चिडतो तरी.

एसटीचं म्हणाल, तर एसटी रस्त्यावर उभी असते. वारा वाढला तर चालक झाडं टाळून बाजूला थांबतो. विमानाला हवेत थांबता येत नाही.

आणि जमिनीवर असलं म्हणून विमान सुटत नाही. छोटी विमानं वाऱ्यात पत्र्यासारखी उलटतात, म्हणून त्यांना पंखांशी आणि शेपटीशी दोराने जमिनीतल्या कड्यांना बांधतात, बैल दावणीला बांधावा तसं. मोठ्या विमानांच्या चाकांना अडणी लावतात. शिड्या, सामानाच्या ट्रॉल्या, रिकामे कंटेनर हेच वादळात सुटून विमानावर आदळतात. मालाची दारं उघडायलाही वाऱ्याची मर्यादा ठरलेली असते. म्हणून कधी विमान सुखरूप उतरूनही अर्धा तास दार उघडत नाही.

१३ मे २०२४ ची दुपार मुंबईकर विसरणार नाहीत. धुळीचं वादळ आलं, घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि १७ जीव गेले. त्याच वादळात मुंबई विमानतळाचं काम ६६ मिनिटं थांबवलं गेलं आणि १५ विमानं दुसरीकडे वळवली गेली. वळवलेल्या विमानांत बसलेले लोक त्या संध्याकाळी वैतागले असतील, पण ते सगळे रात्री-अपरात्री का होईना घरी गेले. चक्रीवादळाचं गणित वेगळं. ते दिवसभर आधी कळतं. १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याजवळून जात असताना कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि विमानतळ सकाळी ११ पासून रात्री १० पर्यंत बंद ठेवला. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाच्या दिवशी बंगळूरहून आलेलं मालवाहू विमान मुंबईत उतरताना धावपट्टीवरून घसरलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण विमानतळ संध्याकाळपर्यंत थांबला.

उंचावर धोका अगदीच नाही असंही म्हणता येत नाही. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरता उतरता कालबैसाखीच्या हवेत सापडलं आणि आतली माणसं जबर जखमी झाली. कालबैसाखी म्हणजे बंगालचा वळीवच. आणि २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर ३७,००० फुटांवर असताना असं हादरलं की पाच सेकंदांच्या आत १७८ फूट खाली आलं. ज्यांचे पट्टे सुटे होते ते छताला आपटले, एक प्रवासी दगावला. पट्ट्याची खूण विझली तरी बसल्या जागी पट्टा सैलसर बांधून ठेवा, लेकीलाही सांगा.

ती २१ मे ही तारीख लिहिताना माझा हात थांबला. त्याच दिवशी संध्याकाळी, तुमच्याच तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. वैशाखातलीच ती संध्याकाळ, नृसिंह जयंतीच्या सुमाराची. वारा आपल्या रोजच्या ओळखीचा, वळवाचाच.

विमानतळावर वाऱ्याची दिशा आणि वेग सतत मोजले जातात आणि ते आकडे उतरणाऱ्या वैमानिकाच्या कानापर्यंत पोचवण्यासाठी माणसं बसवलेली असतात. कुगावच्या काठावर त्या बोटवाल्याला हे सांगणारं कुणी नव्हतं. हवामान विभाग पुढच्या तीन तासांच्या वादळाचे इशारे जिल्हावार देतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप फोनवर फुकट मिळतं, आणि जिथे वीज तिथे हा कोसळणारा वारा बहुधा असतोच. विमानतळावरची एक गोष्ट मात्र प्रत्येक बोटीच्या धक्क्यावर उद्या उभी करता येईल. ती म्हणजे विंडसॉक, भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी पिशवी. विमानतळासाठी ती निदान ३.६ मीटर लांब आणि तोंडाशी ०.९ मीटर रुंद लागते. धक्क्यासाठी निम्मी पुरे, गावातला शिंपी एका दुपारी शिवून देईल. तोंडात तारेचं कडं घालायचं आणि उंच बांबूवर मोकळी फिरेल अशी टांगायची.

वादळाचा ढग दिसत असताना ती पिशवी आधी लोंबकळून पडली आणि मग एकदम फुगून ढगाच्या उलट बाजूला ताठ झाली, तर खाली आपटलेली हवा काठापर्यंत आली आहे. तेव्हा बोट सोडायची नाही. पाण्यात असेल तर जवळचा काठ धरायचा, मग तो कुठल्याही गावचा असो.