चार गुणांनी हुकलं

प्रश्न : मुलगी परदेशातून एमबीबीएस होऊन आली. एफएमजीईत, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या पात्रता परीक्षेत, १४६ गुण पडले. खोलीबाहेर येत नाही. पवनानगरच्या बाजारात जो तो निकाल विचारतो. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, ३०० पैकी १५० लागतात आणि फेरतपासणी नसते. तो हिशेब आता थांबवा. या परीक्षेत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच सहसा जास्त असतात. ती वर्षातून दोनदा होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नये. कम्युनिटी मेडिसिनवर ३० गुण आहेत, उजळणीला तिथून सुरुवात करावी. डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याआधी मात्र कुणाच्या दवाखान्यात पेशंट तपासायला बसवू नका. विचारणाऱ्यांना निकाल तुम्हीच सांगून टाका. झोप, जेवण पंधरवडाभर बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा; जगण्याला कंटाळल्याचं बोलली तर त्याच क्षणी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते.