पाण्याची वाट

मीरा-भाईंदर शहरात हाटकेश नावाची वस्ती आहे. तिथे कारखान्यांचे गाळे आहेत, उंच इमारती आहेत. रस्त्यावर वाहनांचा राबता असतो. तिथे उभे राहून कुणी म्हणेल, “इथे नदी-खाडीचा काय संबंध?”

पण चारी दिशांना पाहू या. पूर्वेला आणि दक्षिणेला डोंगर. पश्चिमेला समुद्र. उत्तरेला वसईची खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस या सखल भागातून वाहत जातो आणि खाडीला मिळतो. खाडीने तो पोटात घेतला तर बरे. नाही घेतला, तर तो आपल्याच घरात शिरणार!

म्हणून आज आपण या खाडीच्या काठाने प्रवास करू. असेच पाण्याच्या आधाराने जगणारे लोक दूर पूर्वेकडे व्हिएतनाम देशातही आहेत. वाटेत त्यांचीही ओळख करून घेऊ.

खाडी म्हणजे काय?

राजमाचीच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावते. कर्जत, बदलापूर करीत ती कल्याणजवळ येते. तिथून पुढे समुद्राची भरती तिला भेटते. गोडे आणि खारे पाणी एक होते. अशा पाण्याला आपण खाडी म्हणतो. ठाण्याजवळ या पाण्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीकडे जातो. दुसरा पश्चिमेला वळतो आणि वसईजवळ समुद्राला मिळतो. हीच आपली वसईची खाडी.

खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. चढले की भरती, उतरले की ओहोटी. अमावस्येला आणि पौर्णिमेला भरती मोठी येते. तिला उधाण म्हणतात. होडीवाल्याला घड्याळ नसले तरी चालते. पण तिथी मात्र ठाऊक असावी लागते.

घोडबंदर

आपला पहिला मुक्काम घोडबंदर. अरब व्यापाऱ्यांचे घोडे इथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. इथे टेकडीवर जुना किल्ला आहे. खाडीवर नजर ठेवायला ही जागा नामी. आता मुंबईहून गुजरातकडे जाणारा महामार्ग इथेच पुलावरून खाडी ओलांडतो. पूर्वी माल गलबतातून येई, आज तो ट्रकमधून येतो. पण जागा तीच.

या खाडीच्या वरच्या अंगाला कल्याण आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण आणि भिवंडी घेतली. मग या खाडीत त्यांनी गलबते बांधायला घेतली. समुद्रावर सत्ता हवी, तर आधी खाडी हाती हवी, हे त्यांनी ओळखले होते.

भाईंदरची मिठागरे

दुसरा मुक्काम भाईंदर. इथली मिठागरे जुनी आहेत. मीठ कसे पिकते, पाहा.

पावसाळा संपला की बांध दुरुस्त करायचे. जमीन तुडवून, चोपून घट्ट करायची. उधाणाला खाडीचे पाणी आत घ्यायचे. ते एका खणातून दुसऱ्या खणात सोडायचे. उन्हाने पाणी आटते, जड होते. शेवटच्या खणात पांढरे खडे दिसू लागतात. मग ते ओढून ढीग करायचे. सारे काम उन्हात, पाय खाऱ्या पाण्यात. एक अवकाळी पाऊस आला, की तयार मीठ विरघळून जाते. आपल्या ताटातल्या चिमूटभर मिठामागे एवढे कष्ट आहेत.

पाणजू बेट

भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडीत पाणजू नावाचे बेट आहे. १८६४ साली गुजरातकडून आलेली रेल्वे खाडी ओलांडून मुंबईला पोहोचली. तिचे पूल या बेटाच्या दोन्ही बाजूंना आहेत. आगगाडी बेटावरून जाते, पण तिथे थांबत नाही! पाणजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या होडीनेच ये-जा करत आली. बाजारहाट असो, शाळा असो, की आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचे असो, आधी होडी गाठायची. रस्त्याकाठी राहणाऱ्याला एका रस्त्याची किंमत कळत नाही. ती पाणजूच्या माणसाला विचारावी.

वसई

पलीकडच्या काठावर, खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला आहे. गुजरातच्या सुलतानाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तिथे तटाच्या आत मोठे शहर वसवले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी तो किल्ला जिंकला. पुष्कळ माणसे त्यात कामी आली. एवढे रक्त कशासाठी सांडले? ज्याच्या हाती वसई, त्याच्या हाती खाडीचे दार, म्हणून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर ते वसई मोठी बोट सुरू झाली. तिच्यात माणसांबरोबर मोटारीही चढतात. रस्त्याने फिरून जायचे तर हे अंतर ३८ किलोमीटरच्या आसपास पडते. पाण्याने ते ४ किलोमीटरसुद्धा नाही. आपण सोडून दिलेली पाण्याची वाट पुन्हा कामी आली.

होड्यांवरचा बाजार

आता व्हिएतनामला जाऊ. तिथल्या राजधानीचे नाव हनोई. या नावाचा अर्थच ‘नदीच्या आत’ असा आहे. देशाच्या दक्षिणेला मेकाँग नावाची फार मोठी नदी समुद्राला मिळते. मिळण्याआधी तिला अनेक फाटे फुटतात. त्या गाळाच्या जमिनीवर भात अमाप पिकतो. आपल्या कोकणासारखेच तिथलेही जेवण, भात आणि मासे.

तिथे कान थो शहराजवळ काई रांग नावाचा बाजार भरतो, तोही पाण्यावर! शेतकरी होड्या भरून अननस, भोपळे, कोबी आणतात. पहाटेच बाजार सुरू होतो. प्रत्येक होडीवर एक उंच बांबू उभा असतो. जो माल विकायचा, त्याचा नमुना बांबूला टांगायचा. अननस टांगला, की अननसाची होडी. अक्षरओळख नसलेल्यालाही हा फलक दुरून वाचता येतो. आणि माडाच्या झावळीसारखे पान टांगले असेल तर? तर होडीच विकायची आहे!

पण हा बाजार आता ओसरत चालला आहे. रस्ते झाले, पूल झाले. माल ट्रकने जाऊ लागला. होड्या दरसाल कमी होत आहेत.

गाळाची गोष्ट

व्हिएतनाममध्ये होई आन नावाचे जुने बंदर आहे. चारशे वर्षांपूर्वी तिथे चीन आणि जपानची जहाजे येत. पुढे नदी गाळाने भरली. मोठी जहाजे आत येईनात. व्यापार जवळच्या दा नांग बंदराकडे गेला. होई आन मागे पडले. आता जगभरचे प्रवासी तिथली जुनी घरे पाहायला जातात.

आपल्याकडेही तसेच झाले. वसईजवळचे नालासोपारा म्हणजे जुने सोपारा. सम्राट अशोकाच्या काळी ते नामांकित बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला पुराणा स्तूप उकरला. त्या सोपाऱ्याच्याही खाड्या गाळाने भरल्या, आणि बंदर संपले.

म्हणजे गाळ वाईट, असे समजू नका. गाळ शेताला सोने आहे. काठ उभे राहतात तेही गाळावरच. पण पाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, आणि काठही शाबूत राहिला पाहिजे. दोन्ही सांभाळावे लागते.

हाव धरून तळातली रेती बेसुमार उपसली, तर काय होते? मेकाँगच्या काठी असाच उपसा झाला. काठ ढासळले, घरे पाण्यात गेली. वरच्या अंगाला धरणे झाली, पाऊस कमी पडला. २०१६ आणि २०२० साली समुद्राचे खारे पाणी नदीतून दूर आत शिरले आणि भातशेती करपली. वसईच्या खाडीतही चोरून रेती उपसतात. त्याने रेल्वेच्या पुलांनाही धोका पोहोचतो. ज्या पुलावरून रोज लाखो माणसे जातात, त्याच्या पायाखालची रेती विकायची, याला काय म्हणावे?

तिवर तोडू नका

खाडीकाठी चिखलात तिवर वाढते. कुणी त्याला खारफुटी म्हणतात. दिसायला ओबडधोबड झाड. पण त्याची मुळे माती धरून ठेवतात. उधाणाचा जोर अडवतात. कोळंबी, चिंबोरी, बोय यांची पिल्ले त्याच्याच आडोशाला वाढतात. तिवर गेले की कोळ्याचे जाळे रिकामे येते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरतीची वेळ आली. पाणी जाणार कुठे? नाले तुंबले होते, काठाची सखल जमीन भरून टाकली होती. शेकडो माणसे दगावली. जो पाण्याची जागा घेतो, त्याच्या घरी पाणी जागा मागायला येते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला. तिवर तोडायचे नाही. तिवराच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम करायचे नाही. निकाल चांगला आहे. पण न्यायाधीश रोज खाडीवर पहाऱ्याला बसणार नाहीत. पहारा आपणच द्यायचा.

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकला आहात. तिवरात राडारोड्याची गाडी रिकामी होताना दिसली, तर गाडीचा नंबर लिहून घ्या. तारीख आणि वेळ लिहा. चार जणांच्या सह्या घ्या आणि महापालिकेत किंवा तहसील कचेरीत अर्ज द्या. अर्ज मिळाल्याची पोच मागून घ्या. नाल्यात कचरा टाकू नका, शेजाऱ्यालाही टाकू देऊ नका. हाटकेशचा नाला तोच खाडीचा धाकटा भाऊ आहे.

आपण खाडीकडे पाठ करून घरे बांधली. आता तोंड तिच्याकडे वळवू या. ती वाहती राहिली, तर तिच्या काठची गावेही नांदती राहतील.

सांगा पाहू

१. भरती आणि ओहोटी म्हणजे काय?
२. होड्यांच्या बाजारात कोणत्या होडीत काय आहे, हे कसे ओळखतात?
३. सोपारा आणि होई आन ही बंदरे का मागे पडली?
४. तुमच्या गावचे पावसाचे पाणी कुठे जाते? त्याची वाट मोकळी आहे का? स्वतः जाऊन पाहा आणि पाच ओळी लिहा.